दशांशानंतरचं तिसरं घर

मार्च लागला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचा आवाज खाली येतो. दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांसाठी खालच्या मोकळ्या जागेतलं क्रिकेट बंद होतं. शेजारच्या गावातल्या हळदीचा बँजो तेवढा कुणाचं ऐकत नाही. लिफ्टमध्ये भेटलेल्या आया एकमेकींना "पेपर कसा गेला?" असं विचारायचं टाळतात, "जेवतो ना नीट?" एवढ्यावर भागवतात. दुपारी खाडीवरून वारा येतो, त्याला कांदळवनातल्या चिखलाचा वास असतो. मला मात्र त्या वासाखाली आणखी एक वास येतो, काडेपेटीची काडी नुकतीच विझावी तसा, आणि तो ऐरोलीतला नाही हे मला ठाऊक असतं. तो तळोज्याचा आहे, तेरा वर्षांपूर्वीचा.

मला मार्च आवडत नाही. खरं तर भीती वाटते म्हणायला हवं, पण शेवटची परीक्षा देऊन वीस वर्षं झालेल्या बाईने मार्चला घाबरणं बरं दिसत नाही. म्हणून मी उन्हाळ्याला नावं ठेवते, पंखा वाढवते, कोकम सरबत करते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात मार्चचं रखरखीत ऊन पडलेलं असतं.

यंदा त्या उन्हाला निमित्त झालं ओवीचं, माझ्या मुलीचं. ती आठवीत आहे. त्यांना शाळेत गणितही शिकवतात आणि पायथन ही संगणकाची भाषाही, आणि दोघांची गाठ घालून द्यायला कुणाला वेळ नसतो. परवा दुपारी ती डायनिंग टेबलवर वही आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून बसली होती. वहीतलं गणित सोपं होतं, अडीचला जवळच्या पूर्ण संख्येत लिहा. तिने तीन लिहिलं होतं. मग गंमत म्हणून तेच पायथनला विचारलं, तर तो म्हणाला दोन. मी बघेपर्यंत पोरीने खोडरबराने तीन पुसून टाकलं होतं.

"अगं, तीन बरोबर होतं की."

"नाही ना. हा दोन म्हणतोय."

"म्हणू दे. तुमच्या पुस्तकात नियम काय आहे?"

"पुस्तकात तीन येतं," ती म्हणाली, आणि पुढे अगदी सहज, "पण कॉम्प्युटर कसा चुकेल आई? माझंच काहीतरी चुकलं असेल."

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. गेली वीस वर्षं मी हेच खाते-पिते. पाचाला कुठे ढकलायचं याचे एकाहून अधिक नियम आहेत आणि प्रत्येक भाषा आपापला पाळते, हे मी तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि उठून गॅलरीत गेले. तिथे कपडे वाळले होते. ते काढता काढता माझे हात थांबले होते, हे ओवीने हाक मारली तेव्हा कळलं.

मुकादम मॅडम उरणकडच्या. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, वडील बंदरात कामाला, घरातली पहिली शिकलेली मुलगी रसायनशास्त्रात. तळोज्यातल्या एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं एकाच बाकावर काम करत होत्या. औषधाच्या भुकटीत पाण्याचा अंश किती, हे मोजायचं त्यांचं यंत्र. त्या यंत्रात जो द्रव घालतात त्याचाच तो विझलेल्या काडीचा वास. यंत्राला बोटभर लांबीची काचेची खिडकी होती आणि तिच्यात हिरव्या अक्षरांत आकडा उमटायचा, दशांशानंतर तीन घरांचा. दोन पूर्णांक सहा सात पाच, असा.

मी तिथे गेले ती ऐरोलीच्या सॉफ्टवेअर कंपनीतून. ओवीच्या वेळच्या रजेवरून परतल्यावर मला मिळालेलं ते पहिलं स्वतंत्र काम. यंत्रातून आकडा घ्यायचा, दशांशानंतरची दोन घरं ठेवायची, रिपोर्ट छापायचा. ऐकायला इतकं किरकोळ की नवऱ्याला सांगतानाही मी थोडं फुगवून सांगितलं होतं. मॅडम तोच आकडा खिडकीत वाचून हाताने रजिस्टरमध्ये लिहायच्या, दोन घरांपर्यंत, खाली सही. तिथे सहीला फार मान. सही करण्याचा अधिकार परीक्षा देऊन मिळायचा आणि ज्याच्याकडे तो नाही त्याने दिवसभर काम केलं तरी ते दुसऱ्याच्या नावावर जायचं. मॅडमची सही मोठी, वळणदार, शेवटी एक छोटीशी होडी काढल्यासारखी होती. त्या होडीवर कारखान्याच्या गोळ्या बाहेर पडत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी शिकवणी घेतली.

"पाच आला की काय करतेस गं तू?"

"वर नेते. शाळेत शिकवलंय."

"आमी जुने लोक तसं नाय करत. पाच म्हणजे बरोब्बर मधल्या पायरीवर बसलेला. त्याला दर वेळी वर ओढलंस तर सगळा हिशेबच वर सरकतो. म्हणून शेजारी बघायचं. शेजारचा आकडा विषम असला तर वर न्यायचं, सम असला तर राहू द्यायचं. कधी वर, कधी खाली. कुणावर अन्याय नाय."

"आणि या दोन सहा सात पाचचं काय?"

"सात विषम. मग वरच. तुझ्या शाळेच्या नियमानेही दोन अडुसष्ट, माझ्या नियमानेही दोन अडुसष्ट. टेन्शन नाय."

हा आकडा मी कधी विसरणार नाही. तो त्या भुकटीत वारंवार यायचा, जणू त्याची बदलीच तिथे झाली होती.

मॅडमच्या डब्यात माझा वाटा असायचा. मी बाळंतपणातून उठून आलेली, दूध अजून येत असलेली, दुपारी बाथरूममध्ये जाऊन रडणारी बाई होते. हे त्यांनी कुणाला न विचारता ओळखलं होतं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं, आणि शुक्रवारी नारळाच्या रसात बुडवलेली खापरोळी. "खा. यंत्र पळून जात नाय," म्हणायच्या. मी खायचे. खाल्ल्या मिठाला जागणं ही आपल्याकडे साधी, सगळ्यांना येणारी गोष्ट मानतात. ती मला आली नाही.

त्या मार्चमध्ये बाहेरून तपासनीस येणार होते. कारखान्यात ऑडिटचे दिवस लागले की परीक्षेच्या घरासारखं होतं. भिंती पुसल्या जातात, कपाटांना चिठ्ठ्या लागतात, एरवी न दिसणारे साहेब जिन्यात दिसतात. कारखान्याला नवा, आलेख असलेला सुबक रिपोर्ट हवा होता. माझा जुना प्रोग्राम जावा या भाषेत होता. आलेख काढणं पायथनमध्ये सोपं, म्हणून छपाईचा भाग मी चार दिवसांत पायथनमध्ये नव्याने लिहिला. दहा आकडे घालून तपासून पाहिले. जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट, दोन्ही तंतोतंत सारखे. दहातला एकही आकडा पाचाने संपणारा नव्हता. बघावं असं मला सुचलंच नाही.

इथे थोडं माझ्या धंद्याचं सांगते, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. संगणक आकडे दोनच अंकांत ठेवतो, शून्य आणि एक. आपला २.६७५ त्या घरात नीट बसत नाही. तो २.६७४ च्या पुढे नऊच नऊ, अशा एका आकड्यावर, केसभर अलीकडे थांबतो. आता त्याची दोन घरं ठेवायला सांगितली की भाषा आपला स्वभाव दाखवतात. पायथन आत खरोखर काय ठेवलंय ते बघतो आणि म्हणतो, हा अर्ध्याच्या खाली आहे, २.६७. सी भाषा तेच म्हणते, जावास्क्रिप्टही. मी वापरलेली जावाची रीत मात्र माणसाला कागदावर कसा दिसेल ते बघते, २.६७५, आणि म्हणते २.६८. जावातच दुसऱ्या रीतीने विचारलं तर ती स्वतःलाच खोटं पाडते. यात कुणी लबाड नाही. प्रत्येकीच्या कागदपत्रांत हे लिहून ठेवलेलं आहे. ते वाचायचं काम माझं होतं.

आणि त्याहून मोठी चूक वेगळीच. यंत्रातून आलेला मूळ आकडा मी साठवतच नव्हते. दोन घरं करायची, छापायची, तेवढंच ठेवायचं. तिसरं घर मी फेकून देत होते. रजिस्टरच्या रकान्यातही दोनच घरांची जागा होती. त्यामुळे तो पाच खिडकीत क्षणभर हिरवा उजळायचा, मॅडमच्या डोळ्यांना दिसायचा, आणि जगातून जायचा.

तपासनिसांनी रजिस्टर आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवले. काही नोंदी जुळेनात. हाताने २.६८, छापील २.६७. इकडे एक, तिकडे एक, असे आठ-दहा. औषध बिघडण्याइतका हा फरक नव्हताच. पण त्या धंद्यात औषध बिघडण्यापेक्षा आकडा बिघडणं वाईट. याचा अर्थ तिथे एकच काढतात: माणसाने यंत्राकडे न बघता मनाने आकडा लिहिला. त्याला त्यांच्याकडे शब्द आहे, आकडा बसवला.

बैठकीला मी होते. सॉफ्टवेअरबद्दल काही विचारलं तर सांगायला म्हणून मला बोलावलं होतं. एसी इतका थंड की मॅडमनी ओढणी अंगभर घेतली होती. प्रयोगशाळेचे मॅनेजर तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, इतकी वर्षं झाली तुम्हाला. आकडे बसवले का?"

"नाही सर. जे दिसलं ते लिहिलं."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता, नुसती विचारणा होती, शेजारणीला घड्याळात किती वाजले विचारावं तशी. मॅनेजरही माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "सॉफ्टवेअर टेस्टेड आहे, सर."

त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं. ही एक फट मी तेरा वर्षं उघडी ठेवली होती, त्यातून श्वास घ्यायला. पण त्याच संध्याकाळी ऐरोलीला परतल्यावर, ऑफिसात अजून सगळे होते, चहाची ट्रॉली फिरत होती, मी जुन्या प्रोग्राममध्ये २.६७५ घातलं. २.६८. नव्यात घातलं. २.६७. एवढंच. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी चहा घेतला नाही.

निखिल आमचा टीम लीड. वयाने माझ्याएवढाच, बोलण्यात दुप्पट वेगाचा. त्याने स्क्रीन बघितली, ओठांतल्या ओठांत शिवी दिली, आणि खुर्ची जवळ ओढली.

"अरे यार. कुणाला बोललीस?"

"अजून नाही. आत्ता फोन करते तिकडे."

"वेडी आहेस का? ऑडिट चालू आहे. आत्ता आपण बोललो की आपलं अख्खं सॉफ्टवेअर उघडणार. तू गपचूप फिक्स टाक. ऑडिट संपलं की आपण नीट लेटर देऊ. मॅडमना काय, दोन दिवस बोलतील, विसरतील."

मला हे पटलं असं मी म्हणणार नाही. पण मला ते हवं होतं. रजेवरून आलेल्या बाईबद्दल ऑफिसात काय बोललं जातं ते मी ऐकून होते, आणि पहिल्याच कामात माझी चूक निघालेली मला नको होती. निखिलने दार दाखवलं, त्यातून पळाले मी माझ्याच पायांनी. शुक्रवारी मी तो भाग दुरुस्त केला. सोमवारी मॅडमचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला आणि त्यांना नमुने साठवायच्या खोलीत बसवलं, खोक्यांवर नंबर टाकायला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथे फांदी मी कापली होती आणि कावळा बदनाम झाला. कारण त्या सोमवारपासून नव्या माणसाने लिहिलेलं रजिस्टर आणि रिपोर्ट तंतोतंत जुळू लागले. एकाही नोंदीत फरक नाही. मॅनेजर मला मुद्दाम सांगायला आले, "बघा, मॅडमना हलवलं आणि प्रॉब्लेम गेला. वाईट वाटतं, पण पुरावाच मिळाला." माझी दुरुस्तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली होती. मी म्हणाले, "हं."

"सॉफ्टवेअर टेस्टेड आहे" हे मी अज्ञानात बोलले होते. "हं" मात्र सगळं माहीत असताना.

ऑडिट संपलं. लेटर कुणी दिलं नाही. निखिल परदेशी गेला. मला दुसरं काम मिळालं, मग तिसरं. मॅडम दोन वर्षं खोक्यांमध्ये बसल्या आणि मग त्यांनी नोकरी सोडली, असं कुणीतरी सांगितलं. मी त्या दिवशीही जेवले असणार.

या वर्षांत मी किती ठिकाणी किती आकड्यांना दोन घरांत बसवलं, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी पाचाने संपणारे आकडे आधी तपासते, मूळ आकडा जपून ठेवते. ऑफिसातली नवी मुलं माझी चेष्टा करतात, "मॅडमना पाचाची ॲलर्जी आहे." मीही हसते. माझ्या हाताखालून चुकीचा रिपोर्ट जात नाही अशी माझी ख्याती आहे. ती ख्याती कुणाच्या जिवावर उभी आहे, हे मला एकटीला माहीत होतं. आणि ओवीने जेव्हा बरोबर उत्तर पुसून टाकलं आणि "माझंच चुकलं असेल" म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की मॅडमनीही असंच पुसलं असेल का? इतकी वर्षं मी समजत होते, त्यांना स्वतःला तरी माहीत आहे की त्या बरोबर होत्या. मी त्यांचं फक्त नाव घालवलं, बाकी त्यांचं त्यांच्याकडे आहे. ही समजूत मी कशाच्या आधारावर बाळगली, कोण जाणे.

रविवारी उरणला गेले. नेरूळहून आता थेट गाडी जाते. रिकाम्या डब्यात बसून खिडकीतून मिठागरांचे तुकडे आणि कंटेनरच्या रांगा बघत होते. घर शोधायला त्रास झाला नाही. मॅडमनी मला लगेच ओळखलं आणि त्यांना आनंद झाला, हे सगळ्यात कठीण गेलं. केस पूर्ण पांढरे. "शिल्पा ना तू? पोर केवढी झाली गं?" म्हणत त्यांनी सरबताचा ग्लास हातात दिला. भिंतीवर एक फळा टांगलेला होता, कोरा, कडेला धूळ. पूर्वी त्या दर रविवारी मोहल्ल्यातल्या मुलींना दहावीचं गणित शिकवायच्या, ते मला आठवलं.

"क्लास बंद केलात?"

"कधीच. जमेना." त्या हसल्या. "कंपनीतलं तुला माहितीये ना. त्याच्यानंतर आकड्यावर भरवसा बसेना. माझ्या डोळ्यांवर गं. तीन डॉक्टरांना डोळे दाखवले. तिघंही म्हणाले, चांगले आहेत. मला वाटलं डॉक्टरच चुकत असतील. चाराचा पाच दिसत असेल, नायतर मी झोपेत लिहीत असेन. मशीन कशाला खोटं बोलेल? अजून भाताला पाणी घालताना दोनदा मोजते."

मी ग्लास खाली ठेवला आणि सांगितलं. जावा, पायथन हे शब्द न वापरता, जसं घडलं तसं. यंत्राच्या खिडकीत पाचच होता. तुम्ही बरोबर वाचला. बरोबर लिहिला. माझा प्रोग्राम चुकला आणि मी तो गुपचूप नीट केला.

त्यांनी फळ्याकडे बघतच विचारलं,

"म्हणजे ते दोन सहा सात पाचच होतं?"

"हो."

"मी बरोबर वाचलं होतं."

"हो, मॅडम."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलण्याची ही शेवटची संधी होती आणि ती मला मोहात पाडत होती, हेही इथे लिहून ठेवते. मागच्या महिन्यात म्हटलं असतं तर खपलं असतं.

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"त्याच दिवशी," त्या म्हणाल्या. रागाने नाही. खिडकीतला आकडा स्वतःशी म्हणून बघावा तसं. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही मला कळलं नाही, कारण त्या उठून आत गेल्या होत्या. रडत असतील असं वाटून मी बसून राहिले. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात एक कोरा कागद आणि पेन होतं.

"आत्ता बोललीस ते लिही. सगळं. आकडा तिन्ही घरांसकट लिही."

"मॅडम, तो कारखाना आता दुसऱ्यांनी घेतलाय. तिथे कुणी ओळखीचं..."

"कारखान्याला नाय. घरात दाखवायचंय. माझ्या नवऱ्याने मला एकदाही विचारलं नाय की तू खरंच बसवलेस का आकडे. पोरांनीही नाय. त्यांना वाटलं, विचारलं तर मला वाईट वाटेल. म्हणजे काय समजून बसलेत ते कळलं ना तुला?"

मी लिहिलं. एक पानभर झालं. त्या शेजारी उभ्या राहून वाचत होत्या, आकड्यावर बोट ठेवून. मॅनेजरसमोरचा "हं" मी लिहिला नव्हता. तो मीच मग ओळींच्या मध्ये घातला. खाली सही केली आणि तारखेशी पेन थांबलं. माणूस किती हलका असतो. मनात आलं, गोष्ट तेव्हाची आहे, तर तारीख तेव्हाची चालेल का? मी विचारलंसुद्धा.

"तारीख कुठली घालू?"

"आजची," मॅडम म्हणाल्या. "कळलं कधी ते वर लिहिलंयस तू. खाली आजची घाल. मध्ये किती गेलं, ते वाचणाऱ्याला दिसू दे."

मी आजची तारीख घातली.